दोन पातेली, एक प्रजाती

प्रयोगशाळेत त्याला सगळे आचारी म्हणत, आणि तो होताच. फक्त पंगतीला फळमाशा असत. एका पातेल्यात मक्याची लापशी, दुसऱ्यात काकवी. एकाच बाटलीतल्या माशांचे संशोधन करणाऱ्या मॅडमनी दोन गट केले होते आणि पिढ्यान् पिढ्या त्यांना वेगळं खाऊ घालत होत्या. पुढेमागे हे गट एकमेकांशी जुळेनासे होतात का, नवी प्रजाती अशी सुरू होते का, ते बघायचं होतं.

"जावईबापूंचं जेवण झालं का?" शिपाई रोज माशांच्या बाटल्यांकडे बघून विचारायचा.

"झालं. तुला वाढू?"

घरीही दोन पातेलीच. आईच्या आजारपणात कोण किती जागलं यावरून दोघा भावांचं फाटलं, चुली वेगळ्या झाल्या, मधे प्लायवूडची भिंत आली. थोरल्याचा मुलगा आणि याची मुलगी जिन्यात समोरासमोर आली की दोघं मोबाइलमध्ये डोकं खुपसत.

मॅडमनी दोन्ही गट एकत्र सोडले. लापशीवाल्यांनी लापशीवाल्या निवडल्या, काकवीवाल्यांनी काकवीवाल्या. आचाऱ्याला केवढं बरं वाटलं! बायकोला म्हणाला, "बघ, निसर्गच आहे. चूल फुटली की फुटली. यात आपला काय दोष?"

"चालवा आता माशांना विचारून संसार," बायको म्हणाली.

पण मॅडमना शंका होती. त्यांनी दोन्ही पातेल्यांत जंतू मारणारं औषध घालायला लावलं. ते खाल्लेल्या माशा पुन्हा सरमिसळ जुळू लागल्या.

"मूळच्या माशा फारशा बदलल्याच नव्हत्या," मॅडम म्हणाल्या. "अन्नामुळे पोटात वेगवेगळे जंतू वाढले. बहुतेक त्यांच्याच वासावरून आपलं-परकं ठरत होतं."

"म्हणजे माझ्याच हाताचा गुण! आणि तशाच ठेवल्या असत्या तर? कायमच्या तुटल्या असत्या?"

"कदाचित. परतीची वाट नेमकी कुठे बंद होते, ते अजून कोणालाच नीट ठाऊक नाही."

ते वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. रविवारी त्याने आई करायची तसं बटाट्याचं कालवण केलं आणि झाकलेलं पातेलं घेऊन भिंतीपलीकडचं दार वाजवलं.

"वहिनी, आईसारखं जमलंय का सांगा."

वहिनीने मागे बघितलं. आतून दादाचा आवाज आला, "घे. आणि भांडं घासून दे."

घे म्हणाला! आचारी दुपारभर शीळ घालत होता.

संध्याकाळी वहिनी पातेलं घेऊन आली. लख्ख घासलेलं.

"कसं झालं होतं?"

"झाकणही आत आहे, भावजी. बघून घ्या," म्हणाली आणि वळली.

रात्रीचा कचरा टाकायला तो खाली उतरला. डब्यात वरच कालवण पडलं होतं, एकही बटाटा मोडलेला नव्हता. त्यावर माशा बसल्या होत्या. कुठल्या चुलीचं, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

सोमवारी शिपायाने हाक मारली, "काय, जावईबापूंचं जेवण झालं का?"

"त्यांचं झालं," आचारी म्हणाला.