तेवीस वर्षं आणि चार महिने

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत गेली सहा वर्षं एक शीट फिरते आहे. मुलाला कुठल्या कॉलेजात घालावं, भरलेली फी किती वर्षांत वसूल होईल, हे तिच्यात चार आकडे टाकले की कळतं. ती मी बनवली. तिच्यात एक कॉलम लपवलेला आहे, तोही मीच लपवला. पहिली गोष्ट अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. दुसरी मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही.

मी भांडुपला, पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी खात्यात आहे. एकोणतीस वर्षं एकच काम केलं. तीन कोटेशनं मागवायची, एका कागदावर शेजारी शेजारी मांडायची आणि स्वस्त कोण ते साहेबांना दाखवायचं. या कागदाला आम्ही कम्पॅरेटिव्ह म्हणतो. आता कधीकधी साहेबांच्या मनात वेगळाच पुरवठादार असतो. मग जो सगळ्यात स्वस्त आलाय त्याच्यावर लोडिंग टाकायचं. याचा माल उशिरा येतो, पाच टक्के वाढवा. याची वॉरंटी कमी, आठ वाढवा. तो महाग दिसेपर्यंत वाढवत राहायचं. खोटं काहीच नसतं, प्रत्येक टक्क्याला कारण असतं. फक्त कोणाच्या बाबतीत कारणं शोधायची हे आधी ठरलेलं असतं.

या कामामुळे सोसायटीत मला मान आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग असो की लिफ्टचा करार, कम्पॅरेटिव्ह माझ्याकडे येतं. 'ह्यांनी बघितलंय ना, मग झालं,' असं म्हणून लोक सही करतात आणि समोशांकडे वळतात. घरातही तेच. मिक्सर घ्यायला मी एवढे दिवस लावले की ठरवलं तोवर ते मॉडेलच बाजारातून गेलं.

मुलगी बारावी झाली तेव्हा तिला प्रॉडक्ट डिझाइन शिकायचं होतं. म्हणजे वापरायच्या वस्तू कशा असाव्यात ते शिकायचं. हे खूळ अचानक आलेलं नव्हतं. अकरावीत असताना तिच्या आईचा हात प्लास्टरमध्ये होता, तेव्हा तिने एका हाताने उघडता येईल असा मसाल्याचा डबा बनवला होता. प्लास्टर निघालं, डबा ओट्यावर राहिला. तो अजून आहे.

कॉलेज खाजगी, अंधेरीला. फी वर्षाला चार लाख, चार वर्षं. पालकांना एक दिवस कॉलेज दाखवतात, तसे आम्ही तिघं गेलो. एसी इतका होता की बायकोने पदर दोन्ही खांद्यांवर घेतला. टाय लावलेला एक तरुण आमच्या वाट्याला आला. मी फीचा तक्ता मागितला तर म्हणाला, "सर, आपण फी नाही म्हणत, इन्व्हेस्टमेंट म्हणतो."

"रिफंडेबल आहे का?" मी विचारलं.

"नॉलेज कसं रिफंड होणार सर?"

मुलगी मला कोपराने ढोसत होती. कॅन्टीनमध्ये कॉफी एकशे ऐंशी रुपयांना होती. मी एकच घेतली आणि तिघांत प्यायली, पण मनात ती चार वर्षांनी गुणली. मुलगी मात्र वर्कशॉपच्या काचेला नाक लावून उभी होती. आत एक मुलगा लाकडाची खुर्ची घासत होता. ती घरी येईपर्यंत त्या खुर्चीबद्दल बोलत होती.

आता जे सांगायचं आहे ते असं की पैसे होते. मी आणि बायकोने तिच्यासाठीच अठरा वर्षं बाजूला टाकलेले, सतरा लाखांची एफडी. त्याच महिन्यात आमच्या कंपनीत पन्नाशीच्या वरच्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. स्वेच्छा कंपनीची. माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस बावीस वर्षं माझ्याबरोबर डबा खात होता. शुक्रवारी त्याला केक आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, सोमवारी त्याच्या खुर्चीवर प्रिंटर होता. केक कापताना सुरी मीच आणून दिली होती. पुढचा नंबर माझा, अशी माझी खात्री झाली.

घरी मी हे सांगितलं नाही. मला भीती वाटते, असं बापाने म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. परवडत नाही, असंही म्हणायची नाही. हिशेबात बसत नाही, असं मात्र म्हणता येतं. म्हणून मी हिशेब केला.

पहिल्यांदा शीट बनवली ती सरळ होती. डिझाइनचा जास्तीचा खर्च, साहित्यासकट, सोळा लाख ऐंशी हजार. डिझाइन शिकलेल्या मुलांना सुरुवातीला चाळीस हजार मिळतात असं तिने सीनिअर मुलींना विचारून आणलं होतं. बी.कॉम. केलं तर वीस धरले. फरक महिन्याला वीस हजार. फी सात वर्षांत वसूल.

सात वर्षं काही वाईट नव्हती. तीच तर अडचण होती.

मग मी एक कॉलम घातला आणि चाळीस हजारांवर पस्तीस टक्के लोडिंग टाकलं. दहा टक्के, कारण सगळ्यांनाच पहिल्या वर्षी नोकरी लागते असं नाही. दहा टक्के, कारण सीनिअर मुली स्वतःचा पगार वाढवून सांगतात. या दोन्ही कारणांवर मी आजही कोणाशीही वाद घालीन. उरलेल्या पंधरा टक्क्यांचं कारण मी लिहिलं नाही. ते माझे होते. चाळीसचे झाले सव्वीस, फरक उरला सहा हजार, आणि खाली आकडा आला: तेवीस वर्षं चार महिने. मग तो कॉलम लपवला.

रविवारी जेवणं झाल्यावर टेबल पुसून लॅपटॉप ठेवला. तीन रकाने होते. डिझाइन, घरापासून चालत जाता येईल अशा अनुदानित कॉलेजातलं बी.कॉम., आणि मॅनेजमेंट कोट्यातून इंजिनिअरिंग.

"बाबा, मला इंजिनिअरिंग करायचंच नाहीये," मुलगी म्हणाली.

"ते फक्त तुलनेला आहे. तीन कोटेशनं लागतात."

"लग्नाच्या वेळी घेतली होतीत का हो तीन?" बायकोने आतून विचारलं.

"घेतली होती. तुझंच एकटीचं वेळेत आलं."

त्या दोघी हसल्या, मीही हसलो. नंतर मुलीने शेवटची ओळ पाहिली.

"चाळीस हजारच धरलेस ना?"

"हे बघ, चाळीस." मी बोट ठेवलं. तिथे चाळीसच लिहिलेले होते.

"म्हणजे फी वसूल होईल तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची असेन."

"आणि चार महिने," मी म्हणालो.

ही मुलगी रिक्षावाल्याने सांगितलेले पैसेसुद्धा मीटरशी ताडून बघते. त्या दिवशी तिने एक भागाकार केला नाही. बापाची शीट होती म्हणून. लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "ठीक आहे ना, बी.कॉम. करते." कॉलेजचं माहितीपत्रक जाड, गुळगुळीत कागदाचं होतं. बायकोने ते स्वयंपाकघरातल्या खणात स्टीलच्या वाट्यांखाली अंथरलं. आजही वाटी घ्यायला गेलं की खालून एक मुलगी खुर्चीवर हात ठेवून हसते.

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण बायकोने कौतुकाने ती शीट सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. 'ह्यांनी बनवली आहे. मुलांच्या भविष्यासाठी एकदा नक्की बघा.' पुढे हात जोडलेले. आठवडाभरात लोक आपापले आकडे टाकायला लागले. खाजगी डिग्रीचा पगार कोणीही, कितीही टाको, आत बसलेला माझा कॉलम त्यातून पस्तीस टक्के खाऊन टाकायचा. ग्रुपवर एकोणीस वर्षं, सव्वीस वर्षं असे निकाल येऊ लागले आणि त्यांच्याखाली 'डोळे उघडले' असे अभिप्राय.

एका संध्याकाळी तळमजल्यावरचा शेजारी वर आला. माझ्याच वयाचा, मालवणकडचा, इथे एका गोदामावर सुपरवायझर. मुलाला खाजगी बीबीए करायचं होतं.

"काय रे, ह्या वजा वीस म्हणजे काय?"

मी पाहिलं. पस्तीस टक्के कापल्यावर त्याच्या मुलाचा पगार बी.कॉम.पेक्षाही खाली गेला होता, म्हणून उत्तर उणे आलं होतं. "म्हणजे पैसे परत येणार नाहीत," मी म्हणालो.

"ता कळला. पण वजा? म्हणजे आमी आदीच बुडालव काय?"

त्याच क्षणी सांगता आलं असतं. बायको चहा घेऊन आली आणि मी म्हणालो, "तसंच समज."

जिन्यातून त्याचा आवाज ऐकू आला: "वजा वीस असा. गप कॉमर्साक जा." तेव्हापासून दर मे महिन्यात तो गावाहून माझ्यासाठी कोकमाच्या आगळाची बाटली आणतो. आमच्याकडची सोलकढी मला सहा वर्षं जास्त आंबट लागते आहे. नंतर मी त्याच्या मुलाचे आकडे लोडिंगशिवाय करून बघितले. पंधरा वर्षं आली. पंधरालाही मी नकोच म्हटलं असतं, पण नको म्हणायचा हक्क त्याचा होता.

आणि स्वेच्छानिवृत्तीच्या यादीत माझं नाव आलंच नाही. मी अजून त्याच खुर्चीवर आहे. प्रिंटर बिघडला.

यंदाच्या मे महिन्यात शेजारी बाटली घेऊन आला तो धाकट्या मुलीचा विषय घेऊनच. "चेडवाक फिजिओथेरपी करूची असा. तुझ्या शीटीत बघ मा."

माझी मुलगी घरी होती. ती आता पवईच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते, तीन वर्षं झाली. कामात चोख आहे, तिची साहेबीण मला कोणाच्या तरी लग्नात भेटली तेव्हा तसं म्हणाली. आवडतं का, हे मी मुलीला विचारलेलं नाही. "काका, मी टाकते," ती म्हणाली, "बाबाच्या शीटमधले पगार जुने झालेत." आणि माझ्या लॅपटॉपपुढे बसली.

दोन मिनिटांनी म्हणाली, "बाबा, डी नंतर एकदम एफ कसा?"

"ई लागत नव्हता."

"लागत नव्हता तर काढायचा ना. लपवलास कशाला?"

"काढला की फॉर्म्युला बिघडतो," मी म्हणालो. हे खरं होतं.

"ई म्हणजे काय?" शेजाऱ्याने विचारलं.

"काही नाही. ती शीट जुनी झाली. मी नवीन करून देतो."

मुलीने माऊसवरचा हात काढला. "बरं," म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवीन शीट केली. ए, बी, सी, डी, ई, एफ, सगळे उघडे. लोडिंग नाही. शेजाऱ्याच्या मुलीची आठ वर्षं आली. छापलेल्या कागदावर त्याने वरून खाली बोट फिरवलं.

"ह्याच्यात वजा नाय?"

"नाही."

"नीट बघितलंस मा?"

"दोनदा बघितलं."

"मगे झिलाचा वजा कसा इल्ला?"

"ते कॉलेज वेगळं होतं," मी म्हणालो. म्हणजे त्याच्या मुलीचं मी सुधारलं आणि मुलाचं तिथेच ठेवलं. ती जुलैपासून कॉलेजला जाते. जिन्यात भेटली की मला सांगाड्यातल्या हाडांची नावं सांगते.

गेल्या आठवड्यात मुलगी ऑफिसातून आली. मी चहा टाकला होता. मसाल्याच्या डब्यातून तिने स्वतःच वेलची घेतली आणि म्हणाली, "नव्या शीटमध्ये माझं टाकून बघितलं."

"हो का."

"तेव्हाचेच आकडे टाकले. चाळीस आणि वीस."

"किती आलं?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"सात वर्षं."

चहा वर आला. तिनेच गॅस बारीक केला.

"फॉर्म्युला बदललास वाटतं," ती म्हणाली.

"सुधारला जरा."

"बरं केलंस." कप घेऊन ती बाहेर गेली आणि आईशी टीव्हीच्या आवाजावरून भांडायला लागली. मी गाळणी धुतली, धुतलेली पुन्हा धुतली.

एफडी अजून आहे. दोनदा रिन्यू केली, व्याजासकट वाढली, नॉमिनी तीच आहे. ती रक्कम तिला उद्या दिली तरी माझं काही जाणार नाही. ते माझं देणं नाही. पैसे होते आणि मी घाबरलो होतो, एवढं एक वाक्य तिच्यासमोर बसून तिला सांगायचं राहिलं आहे. ते मी अजून देणं लागतो.