जादाचे चार पाटे

गॅरेजवाल्यानं पिकअपखाली नुसतं वाकून बघितलं आणि "भंगारात घाला" म्हणाला, तेव्हाच माझं डोकं सणकलं. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, मागच्या चाकांपाशी भेग गेली होती, दोन्ही बाजूंनी. मान्य. पण इंजिन ठणठणीत होतं. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कंबर गेल्यापासून तीन वर्षं ती गाडी मीच चालवत होते. दुधनी, मैंदर्गीकडचा कांदा उचलायचा आणि सोलापूरच्या बाजारात आणून टाकायचा. गाडी गेली तर पुन्हा टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला जावं लागणार होतं, मुकादमाची बोलणी खात. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

अप्पांनी लगेच भंगारवाल्याला निरोप धाडला, पंधरवड्यानं ये म्हणून. मला विचारलंसुद्धा नाही.

"पंधरवड्यात मी गाडी उभी करते," मी म्हणाले.

"बाईमाणसाचं काम न्हाय हे. सुम्निर!"

अप्पा मूळचे मैंदर्गीचे. रागावले की कानडीतून गप्प बसवतात. मी काही गप्प बसले नाही.

दारापुढच्या कडुनिंबाला साखळी बांधून मागचा हौदा उतरवला, तेव्हा सगळी गल्ली जमली. म्हटलं, बघा बघा, फुकटचं आहे. कोपऱ्यावर ज्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे ते चाचाही आले. "कैकू हलकान होती बेटी? नक्को," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही फक्त वेल्डिंग मारा, चाचा. मापं माझी."

गंजून पापुद्रे सुटलेला भाग कापून काढला आणि त्या जागी नवं लोखंड धरलं. वेल्डिंगआधी चासीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी दोरी लावून बघितली, मग उलट्या बाजूनं. दोन बोटांचा फरक. चाचा म्हणाले, चलता है. मी म्हटलं, नाही चालत. जॅक लावून रेटलं, पुन्हा मोजलं, पुन्हा रेटलं. चौथ्या वेळी दोन्ही दोऱ्या सारख्या आल्या तेव्हा चाचांनी कपाळाला हात लावला, पण वेल्डिंग मात्र असं मारलं की बघत राहावं.

मग मागचे पाटे सोडवले आणि खरी गोष्ट हाताला लागली. एकावर एक रचलेल्या त्या लोखंडी पट्ट्यांमध्ये, दोन्ही बाजूंना, दोन-दोन पाटे आमच्या गाडीचे नव्हतेच. जाडजूड, ट्रकचे. मला ती गाडी घरी आली तो दिवस आठवला. आमच्या भागात नवी गाडी देवळात जायच्या आधी पाटेवाल्याकडं जाते. आधी जादाचे पाटे चढवायचे, मग नारळ फोडायचा. म्हणजे कितीही माल भरा, गाडी मागून बसत नाही, आणि मालकाची मान ताठ राहते. अप्पा सगळ्या बाजारभर सांगत फिरायचे, "माजी गाडी कदी बसली न्हाय."

नाही बसली, खरंय. पण पाटे वाकतच नव्हते, तर खड्ड्याचा दणका जायचा कुठं? पाटे जिथं चासीला टांगतात, बरोबर तिथंच भेग होती. आणि उरलेला दणका अप्पांच्या कमरेत.

मी ते चारही पाटे उचलून अप्पांच्या खाटेपुढं नेऊन टाकले. "हे मी परत बसवणार नाही."

"त्या पाट्यांवर मोठी झालीस तू!"

"व्हय, झाले. आणि त्यांनीच गाडी मोडली. तुमची कंबरपण त्यांनीच मोडली, अप्पा."

बोलून गेले आणि मलाच कसंतरी झालं. अप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, माझ्या हातचा चहा घेतला नाही. मी रडत रडत नवे बोल्ट आवळले. पण आवळले.

चौदाव्या दिवशी गाडी बाहेर काढली, तर अप्पा कमरेला पट्टा बांधून आधीच शेजारच्या सीटवर बसलेले. "बगतो, कशी बसती तुजी गाडी."

बसली. दुधनीला गोण्या चढल्या तशी मागून चार बोटं खाली गेली. एक हमाल ओरडला, "ताई, गाडी बसली की वो!"

"बसू दे. बसायलाच बांधलीय. आता एकपण गोणी टाकायची नाही. दोन खेपा करीन."

अप्पांनी मान खाली घातली. माझं मन चरकलं, पण गोणी काही वाढवू दिली नाही.

अप्पांची एक जुनी सवय होती. गतिरोधक दिसला की दोन्ही हात सीटवर रोवून अंग वर उचलून धरायचे, दणका कमरेला लागू नये म्हणून. येताना पहिल्या गतिरोधकाला त्यांनी तसंच केलं. गाडी अलगद खाली-वर झाली आणि पुढं गेली. दुसऱ्याला ते थोडंसंच उचलले. तिसरा आला तेव्हा हात मांडीवरच राहिले. मी समोर बघत गाडी हाकत होते, तरी मला ते हात दिसले.

बऱ्याच वेळानं ते खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "इतकी वर्सं उगंच सोसलं की गं."

पुढचा गतिरोधक मी आणखी सावकाश घेतला.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात हजर. पहिल्या खेपेनंतर मागचे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, म्हणून मी गाडीखाली होते. भिंतीला धरून अप्पा बाहेर आले. मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

"ते खाटंपुडचं चार पाटं ने," ते म्हणाले.

"आन् गाडी?"

"गाडीला हात लावायचा न्हाय. लेकीची हाय ती."

मी तशीच पान्हा धरून पडून राहिले. भंगारवाल्याचा गाडा गल्लीबाहेर जाईपर्यंत बाहेर आले नाही. रडताना मला कुणी बघितलेलं चालत नाही.