खिडकीतून येणारा व्होडका-लाइम

विमलवहिनी गेल्याचा फोन त्यांच्या दिराने, सुभाषभाऊने केला. ‘वहिनी गयी,’ तो म्हणाला. मग म्हणाला, ‘आज बार बंद ठेवना पडी.’ वहिनी पहाटे झोपेतच गेल्या होत्या. नवापूरला पोहोचलो तेव्हा हायवेवरच्या त्यांच्या परमिट रूमचे शटर खाली होते आणि सुरतकडची एक गाडी समोर थांबलेली होती. मालकीण वारली, असे सांगितल्यावर गाडीतला माणूस गोंधळला. ‘अहीं बेन पण हतां?’ त्याने विचारले. तो बरीच वर्षे इथे येत होता. आत कुणी बाई आहे, हे त्याला ठाऊक नव्हते.

विमलवहिनी माझ्या मामेभावाची, अशोकची बायको. माहेर शहाद्याजवळचे, केळी-उसाच्या शेतीचे. अशोकने तरुणपणी दमणच्या एका हॉटेलात बार सांभाळला होता. तिथून परतल्यावर त्याने नवापूरला परवाना घेतला. बिअर आणि व्हिस्की सगळीकडेच मिळते, आपल्याकडे एक तरी चीज वेगळी हवी, असे तो म्हणायचा. ती चीज म्हणजे व्होडका-लाइम. त्याची तालीम त्याने घरच्या ओट्यावर केली आणि ती करताना वहिनींनाही शिकवले. घरात दारू आणायची नाही, हा सासूचा नियम होता. त्यामुळे वहिनी ते पेय व्होडकाच्या जागी पाणी घालून शिकल्या.

अशोक अकाली गेला. मुलगा योगेश सरकारी नोकरीत, म्हणून परवाना वहिनींच्या नावावर झाला आणि चौकटीत घालून हॉलच्या भिंतीवर लागला. धंदा सुभाषभाऊ पाहू लागला. व्होडका-लाइम मात्र वहिनींशिवाय कुणाला जमेना. मग बारमागचे स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या भिंतीत एक खिडकी पाडली गेली. वेटर काउंटरवरून व्होडका मोजून आणायचा आणि खिडकीत ठेवायचा. वहिनी ओट्यावर तळहाताखाली लिंबू फिरवून मऊ करायच्या, आडवे कापायच्या, आणि शेवटचा थेंब कधी पिळायच्या नाहीत... साल जास्त दाबली की कडू उतरते. साखरेचा पाक, कणभर मीठ, बर्फ. स्टीलच्या एका पेल्यावर दुसरा पालथा घालून, बाहेरून दव धरेपर्यंत हलवायचे. मग गाळणीतून काचेच्या ग्लासात, वर लिंबाची पातळ फोड. ग्लास खिडकीतून बाहेर जायचा. हॉलमधून सुरतकडच्या कुणाची तरी मागणी यायची, ‘पेलुं लिंबुवाळुं आपो ने!’ आणि त्या पुढचे लिंबू हातात घ्यायच्या.

गिऱ्हाईक त्यांना दिसत नसे, परत आलेले ग्लास दिसत. कुणी बर्फ सोडतो, कुणी तळाचे शेवटचे दोन घोट, कुणी लिंबाची फोड चावून ठेवतो. एकदा रिकामा ग्लास धुता धुता त्या म्हणाल्या, ‘भाऊ, तो फोड चावनारा उना वाटस आज. देख बरं, कसा शे.’ मी हॉलमध्ये डोकावून सांगितले, जाडा आहे, चष्मा आहे. ‘माले वाटनं व्हतं बारीक व्हई,’ त्या म्हणाल्या आणि बराच वेळ हसत राहिल्या.

हा परवाना वहिनींना नको होता. शहाद्याकडे वाट्याला आलेल्या शेतात दोन खोल्या बांधून राहावे, एवढेच त्यांच्या मनात होते. पण दरवर्षी नूतनीकरणाचे कागद यायचे, आणि त्यावर सही त्यांचीच लागायची. दोन घरे त्या बारवर चालत होती. एका वर्षी त्यांनी कागद बाजूला सारले. माझ्यासमोरच घडले ते. ‘मन्हं नाव भीतवर टांगेल शे, आनि मी भीतना मांगे,’ त्या म्हणाल्या. ‘येक डाव माले बाहेर बठू द्या, मंग सही.’

सुभाषभाऊ चिडला. ‘आपला घरनी बाई बारमा बठस का? लोके काय म्हनतीन?’

‘घरनी बाईनं नाव बारमा चालस, बाई नई चालस?’

शेवटी तोडगा निघाला. ड्राय डेला बार बंद असतो, त्या दिवशी त्यांनी बसावे. दुपारी शटर खाली ओढून, मागच्या दाराने त्यांना हॉलमध्ये आणले. नऊवारी नीट करून त्या मधल्या टेबलाशी बसल्या. खिडकीआड त्यांची सून मनीषा उभी राहिली. ड्राय डे असल्याने बाटली उघडायची नव्हती, म्हणून व्होडकाच्या जागी पाणी घातले. वेटरने ग्लास अदबीने टेबलावर ठेवला. ‘घ्या मॅडम,’ तो म्हणाला, तेव्हा वहिनींनी त्याला गमतीने दटावले. एक घोट घेतला. ‘पाक कमी पडना,’ असे म्हणून त्या खिडकीकडे पाहू लागल्या.

‘भाऊ,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘आठून नुसता हातच दिसतस...’

खिडकीत मनीषाचे हात होते. पुढचे लिंबू कापत होते. वहिनींनी ग्लास अर्धा सोडला, उठल्या आणि ठरल्याप्रमाणे सही केली. त्यानंतर बाहेर बसण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मात्र मनीषाला त्यांनी त्या ओट्याशी पुन्हा उभे राहू दिले नाही. ताप असला तरी स्वतः उभ्या राहायच्या.

दिवस-कार्य उरकल्यावर मागच्या आठवड्यात घरची मंडळी बसली. परवाना आता मनीषाच्या नावावर करावा, असे सुभाषभाऊने सुचवले. योगेश खाली बघत होता. मनीषा चहाचे कप गोळा करत होती. ते तिने परत ठेवले.

‘काका, मी सही करसू,’ ती सुभाषभाऊला म्हणाली. ‘पन लिंबू बाहेर कापसू. काउंटरवर. सगळास्ना समोर.’

सुभाषभाऊने कागद उचलले, घडी घातली आणि खिशात ठेवले.

‘देखू,’ तो म्हणाला.

शहाद्याच्या त्या दोन खोल्यांबद्दल विचारले की विमलवहिनींनाही हेच उत्तर मिळत असे.