चादर बाजूला करणाऱ्या डॉक्टर मॅडम

डॉ. शहनाज मणियार यांची आणि माझी पहिली भेट हात धुण्याच्या बेसिनपाशी झाली. मी कुरुंद्याचा. डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची नोंद घेण्याचं शिक्षण नुकतंच पुरं केलं होतं आणि इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला आलो होतो. मॅडम मात्र बाह्या सारून एका खेड्यातल्या बाईंचे केस शाम्पूने धूत होत्या. केसांना तेल असलं की तारा चिकटत नाहीत, म्हणून त्या बाईंना ‘उद्या डोकं धुऊन या’ असं सांगून कुणीतरी परत पाठवायला निघालं होतं. मॅडम मला म्हणाल्या, “मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणून माणूस चोपून तेल लावून, भांग पाडून येतो. तो आपला मान असतो. बघत काय राहिलात? टॉवेल द्या.” माझी मुलाखत एवढीच झाली. त्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखाली आहे आणि हे मी गावभर मिरवतो.

मॅडम मूळच्या शिरड शहापूरच्या. वडिलांचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. बांगडी भरताना हात ओढायचा नाही, बोलण्यात गुंतवून सैल होऊ द्यायचा, हे त्या वडिलांकडे बघून शिकल्या. रुग्णाशी बोलतानाही त्या अजून आधी हात हातात घेतात. हिंगोली जिल्ह्यात त्या तपासणी शिबिरं घेतात. फिट आलेल्या माणसाला चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, कुशीवर वळवा, हे त्यांनी इतक्या ठिकाणी सांगितलंय की आमच्या गाडीचा ड्रायव्हरही आता ते भाषण न अडखळता करतो.

बहुतेकांच्या फिट गोळ्यांनी आटोक्यात येतात. ज्यांच्या येत नाहीत, त्यांच्या मेंदूत ठिणगी नेमकी कुठे पडते ते शोधावं लागतं. त्यासाठी रुग्णाला काही दिवस खोलीत ठेवतो. डोक्यावर तारा, समोर कॅमेरा, आणि गोळ्या जपून कमी केलेल्या. मग पडद्यावरच्या लहरी आणि चेहऱ्या-हातांच्या हालचाली एकमेकींशी ताडून बघायच्या. फिट कधी येते याची वाट बघणारा दवाखाना, अशी आम्ही आपसात थट्टा करतो.

डोंगरकड्याची मुक्ता अशीच आमच्याकडे आली. विशीतली, हुशार मुलगी. हळद शिजवताना फिट येऊन तिचा दंड भाजला होता. तेव्हापासून चूल बंद, विहीर बंद, एकटीनं बाहेर पडणं बंद. मेंदूच्या फोटोत दोन्ही बाजूंना व्रण दिसत होते, म्हणून दुसरीकडे ‘ऑपरेशन जमणार नाही’ असं सांगून झालं होतं. एकच आशा होती. सगळ्या फिट एकाच बाजूने सुरू होत असल्या तर तेवढ्याच बाजूचं ऑपरेशन करून तिची सुटका शक्य होती. नाहीतर जन्मभर असंच.

पहिली फिट आली आणि मी धावत खोलीत पोचेपर्यंत तिच्या आईने, इंदुबाईंनी, तिला डोक्यापासून पायापर्यंत चादरीखाली झाकलं. दुसऱ्या वेळीही तेच. मी चादर काढून घेतली, तर तिसऱ्या वेळी त्यांनी पदर पसरला. आमच्याकडे चादरीचं आणि लुगड्याचं उत्तम चित्रीकरण जमा झालं. त्या ओढाताणीत लहरींचाही चिवडा झाला. मी पार वैतागलो होतो.

मॅडम आल्या त्या पडद्याकडे न जाता इंदुबाईंच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी त्यांचा हात हातात घेतला.

“काहून झाकता माय?”

“चार लोकं बघून राहिले. तोंड वाकडं व्हतं, लाळ गळती. लेकीची लाज आईनं न्हाई झाकायची तर कुणी?”

“बराबर आहे. तुमी झाकलं म्हणून आजवर तिची अब्रू राहिली. पण आत काय होऊन राहिलं ते मला दिसंना. आमी इलाज करणारे सोडून हे कुणाच्या नजरेला पडणार न्हाई. माझा शब्द आहे.”

इंदुबाईंनी लेकीकडे बघितलं. बोलली ती मुक्ता. “बघू दे ना माय त्यांला. मला काय व्हतं ते मी बी कधी बघितलं न्हाई.”

इंदुबाईंनी डोळे पुसले आणि पदर कमरेला खोचला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिट आली. पलंगाची दांडी दोन्ही मुठींत आवळून इंदुबाई बाजूला उभ्या राहिल्या. त्या रडत होत्या, पण “मुक्ते, मी हाय इथं” एवढंच म्हणत होत्या. मुक्ताचा उजवा हात कपड्याशी चाळा करत राहिला, डावा ताठ होऊन वाकडा झाला. पडद्यावर लहरी उजवीकडून उसळल्या होत्या. पुढच्या फिटही तशाच आल्या. “उजवीकडूनच,” मॅडम म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. त्यांना कामात बसलेलं मी क्वचितच पाहिलंय. पुढच्या सगळ्या तपासण्या करून, सर्जनांशी दहादा वाद घालूनच त्यांनी ऑपरेशनला होकार दिला. मोठ्या शहरात ते झालं, तेव्हा त्या आत हजर होत्या.

त्यानंतर मुक्ताला एकदाही फिट आलेली नाही. थोड्या गोळ्या चालू आहेत. ती आता एकटी एसटीने हिंगोलीला शिवणकाम शिकायला जाते. ‘पोरगी घरात टिकंना’ ही इंदुबाईंची नवी तक्रार मॅडम फार आवडीने ऐकतात.

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मुक्ताविषयी लिहू का, असं विचारलं तेव्हा मॅडमनी मला झापलं. “मी शब्द दिलाय. आधी त्यांना विचारा, आणि नाव अजिबात घालू नका.” मी फोन लावला. इंदुबाई म्हणाल्या, “नाव लिव्हा की. आन् फोटू बी छापा. तोंड चांगलं दिसंल असा.”

मॅडम, साठी तुम्हाला मुळीच शोभत नाही. तुमची नजर अशीच तीक्ष्ण राहो, गुडघे कुरकुर न करोत आणि जेवण कधीतरी वेळेवर होवो. पदर खोचून उभं राहायला अजून कितीतरी आयांना तुम्ही हव्या आहात. तुम्ही खूप खूप जगा.

इंदुबाईंनी पाठवलेला फोटो सोबत छापला आहे. मुक्ता थेट समोर बघते आहे. डोक्याला चोपून तेल लावलंय आणि भांग पाडलाय.