कमळाकर आगगाडीचा फोटो काढतो

पनवेलच्या बाजारात कमळाकरचा फोटो स्टुडिओ होता आणि त्या स्टुडिओत आजवर कुणी हललं नव्हतं. नवरानवरी असोत नाहीतर मॅट्रिक पास झालेला मुलगा, कमळाकर काळ्या फडक्यात डोकं घालायचा आणि आतून ओरडायचा, "हलू नका!" तेही असं, की समोरचा श्वास घ्यायचा विसरे. त्यामुळे पनवेलच्या निम्म्या घरांतल्या भिंतींवरची माणसं जरा घाबरलेलीच दिसत.

अशा माणसाला छप्पन्न सालच्या हिवाळ्यात धावत्या आगगाडीचा फोटो काढायची हौस आली. पनवेलला तेव्हा रेल्वे नव्हती. मनात भरली होती ती नेरळहून माथेरानला चढणारी वाफेची छोटी गाडी.

"धावती?" त्याचा दोस्त ताहेर हसला. "अरे, ती धावते कुठे? तिच्या बाजूनं बकरीसुद्धा चरत चरत पुढे जाते."

ताहेरचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि लष्कराच्या लिलावात घेतलेली एक जीप होती. ही जीप उतारावर फार छान चाले. तिसरा भगवान. भाताची झोडणी उरकून तो नुकता मोकळा झाला होता आणि कुठंही यायला तयार होता.

रविवारी उजाडताच तिघं निघाले. चौकपर्यंत ठीक होतं. मग ताहेरला जवळचा रस्ता आठवला. तो बैलगाडीचा होता, दोनदा ओढ्यात उतरला आणि एकदा कुणाच्या तरी खळ्यातून गेला. भगवान उतरून धक्का देई, कमळाकर कॅमेऱ्याची पेटी मांडीवर तान्ह्या बाळासारखी धरून बसे. "तू पन उतर की," भगवान म्हणाला. "फोटोच्या काचा फुटतील रे," कमळाकर म्हणाला. वाटभर त्याच्या काचा फारच नाजूक राहिल्या.

नेरळच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी गाडीवाट संपली. गवताचा भारा घेऊन उतरणारी ठमाबाई भेटली. तिनं रुळांची वाट दाखवली आणि विचारलं, "कुनाला आनायला आलाव?"

"गाडीचा फोटो काढायला."

ठमाबाईनं तिघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भारा सावरून चालू लागली.

वळणावर जागा झकास होती. दोन रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला गवताचा बांध. कमळाकरनं कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं, फडक्यात शिरला. आत जग नेहमीसारखं उलटं दिसत होतं. नेम धरायला रुळाजवळ काहीतरी हवं होतं.

"भगवान, त्या बांधावर उभा राहा. इकडं बघ. आणि हलू नको!"

भगवान उभा राहिला. कमळाकरनं नेम धरला, काच बसवली, हातात कॅमेऱ्याची झडप उघडायचा रबरी फुगा घेतला आणि भगवानला साफ विसरला. तेवढ्यात वळणापलीकडून धापा टाकत गाडी आली. ड्रायव्हर शिट्टीवर शिट्टी फुंकत होता. ताहेर ओरडला, "भगवान, हट!" भगवान ढिम्म. डोळे मोठे, हात मांड्यांना चिकटवलेले. कमळाकरची मूठ भीतीनं आवळली आणि फुगा दाबला गेला. गाडी भगवानच्या पाठीमागून हातभर अंतरावरून, त्याच्या सदऱ्यावर कोळशाची भुकटी शिंपडत निघून गेली.

"मेला असतास!" कमळाकर म्हणाला.

"तूच बोल्लास ना, हलू नको! आमी नाय हाल्लो."

ताहेर गवतात बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

दुपारी गाडी परत उतरणार होती. या वेळी कमळाकरनं दोघांना लांब झाडाखाली बसवलं, काच आधीच बसवून कॅमेऱ्याबाहेर उभा राहिला. गाडी आली. निळसर धूर कड्याला घासत चढत होता, पितळी पट्ट्या उन्हात चमकत होत्या, डबे एकामागून एक वळत होते, आणि हे सगळं सुलटं होतं. सकाळच्या ड्रायव्हरनं त्याला ओळखलं आणि हसून हात वर केला. कमळाकरनंही हात वर केला. ज्या हातात फुगा होता तोच. दाबायचा राहिला. गाडी गेली तरी तो हात हलवतच होता.

 

म्हणून स्टुडिओत धुतली गेली ती सकाळची एकच काच. फोटो मात्र असा आला, की पनवेलात तसा आजवर आला नव्हता: भगवान स्पष्ट, एकेक बटण मोजावं इतका, आणि मागं धुराच्या लोटात अर्धं इंजिन. कमळाकरनं तो मोठा करून भगवानच्या आईला, हौसाबाईला दिला. म्हातारीनं उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"माजा पोर बेस आलाय," ती म्हणाली. "पन मागं ह्ये काळं धूड कशाला? पुसून दे की."

फोटोंतल्या लोकांच्या गालांवरचे देवीचे व्रण तो रोज ब्रशानं पुसत असे. तो ब्रश समोरच पडला होता.

"नाही मावशी," कमळाकर म्हणाला, "हे पुसलं जात नाही."