माणूस असल्याचा पुरावा

माझ्या मेल सर्व्हरने माझ्या वडिलांना दोनदा आणि आमच्या गणिताच्या सरांना एकदा 'आपण माणूस नाही' असे लेखी कळवले आहे.

सर्व्हर म्हणजे चेन्नईतल्या अण्णा नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये चपलांच्या कपाटावर ठेवलेली डब्याएवढी पेटी. घराण्यातला पहिला पदवीधर मी. स्वतःच्या आडनावाचा ईमेल पत्ता असावा, अशी हौस! त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, याचा मी तीन आठवडे अभ्यास केला. (लग्न दहा मिनिटांत ठरवले होते.)

ऑफिसमधला सेंथिल म्हणाला, "साधं घे. मेल आली, मेल गेली, संपलं!"

पण साधे घेतले तर शिक्षणाचा उपयोग काय? मी पहारेकरी असलेले घेतले. अनोळखी मेल आली की ते उलट प्रश्न विचारते आणि बरोबर उत्तर आले तरच मेल आत सोडते. प्रश्न मीच मराठीत लिहिला : 'आपण माणूस आहात हे सिद्ध करा. दोन अधिक तीन किती?' उत्तर अक्षरात, मराठी आकड्यात, इंग्रजी आकड्यात, कसेही चालेल अशी सोय केली. केवढी दूरदृष्टी!

मग गावी फोन केला. "आबा, बारशाला कोणत्या गाडीने येताय ते माझ्या नव्या पत्त्यावर मेल करा!"

आबा शाळेतले निवृत्त शिपाई. मी शिकावे म्हणून त्यांनी तीस वर्षे घंटा वाजवली. नातीच्या बारशासाठी ते पहिल्यांदाच चेन्नईला यायचे होते. शाळेच्या कॉम्प्युटरवर बसून, एका बोटाने, त्यांनी मेल लिहिली.

दोन दिवसांनी आईचा फोन. "हे येत नाही म्हणतायत."

"का गं?"

"तू 'माणूस आहात का' असं विचारलंस ना!"

"अगं, मी नाही, सर्व्हरने! नुसतं पाच म्हणायचं!"

"म्हणाले की! दोनदा म्हणाले. तरी तुझा तो नाहीच म्हणतो!"

मी सर्व्हर उघडून पाहिले. आबांचे उत्तर होते. पहिल्या ओळीत '॥ श्री ॥'. दुसरीत 'चि. दत्तात्रय यास अनेक उत्तम आशीर्वाद'. मग पाऊसपाणी, शेजाऱ्यांची खुशाली, आणि आठव्या ओळीत 'तुझ्या प्रश्नाचे उत्तर पाच असे येते'. सर्व्हर वाचतो फक्त पहिली ओळ! दुसऱ्यांदा आबांनी तेच पत्र जास्त आदबीने लिहिले होते. शेवटी "बाजूला व्हा, मी बघतो" म्हणत गणिताचे सर बसले. त्यांनीही वर 'श्री' घातला आणि खाली पायऱ्या दाखवून गणित सोडवले. नापास!

"अय्यो!" माझी तमिळ बायको म्हणाली. "माझ्या अप्पांची मेल तर लगेच आली."

सासरे चेन्नईजवळच्या आवडी या गावी राहतात, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त. त्यांनी '5' एवढेच लिहिले होते. हे बायकोने कौतुकाने माझ्या आईला कळवले. पाच मिनिटांत आबांचा फोन.

"व्याही माणूस. आणि मी?"

"आबा, त्यांनी वर श्री लिहिलं नाही, म्हणून..."

"म्हणजे देवाचं नाव घेणारा माणूस नाही?"

फोन बंद! पुढे उचलेचनात. बारसे चार दिवसांवर. मी पहारेकरी काढून टाकला आणि शाळेच्या पत्त्यावर माफीची लांबलचक मेल पाठवली. (वर श्री, खाली साष्टांग नमस्कार.) दोन दिवस उत्तर नाही. शेवटी सरांना फोन केला.

"सर, माझं पत्र मिळालं का हो?"

"थांब, शोधतो... हां! हे बघ, कचऱ्यात पडलंय. वर लाल अक्षरात लिहिलंय, पाठवणारा संशयास्पद वाटतो, जपून राहा."

माझा सर्व्हर नवा आणि घरगुती. बाहेर त्याला ओळखणार कोण? सरांच्या मागून आबांचे हसू ऐकू आले.

"संशयास्पद? सर, पुन्हा वाचा!"

सरांनी तीनदा वाचले. मग फोन आबांनी घेतला.

"दत्त्या, तुझं तर आमच्याहून वाईट आहे रे! काळजी करू नको, आज गाडीत बसतो."

बारसे थाटात झाले. आता महत्त्वाची मेल असली की मी आबांना फोनवर मजकूर सांगतो आणि ते गावाहून एका बोटाने टाइप करून पाठवतात. कॉम्प्युटर इंजिनिअर मी आहे. पण मेल त्यांची पोचते!