पोवळ्यांना रात्र हवी

मालवणातल्या माणसाला समुद्र फुकट मिळतो. तिथल्याच मेढा भागातल्या काशिनाथने तो घरात बनवून घेतला. दारातून निघालं तर हातातली विडी संपायच्या आत लाटा पायाला लागतात, पण काशिनाथ गाळलेल्या पाण्यात परदेशी पाकिटातलं मीठ मोजून घालायचा आणि ढवळत बसायचा. समुद्राचं पाणी त्याला म्हणे स्वच्छ वाटत नव्हतं.

काशिनाथ भूमापन कार्यालयातून निवृत्त झालेला. आयुष्यभर त्याने लोकांच्या हद्दी मोजल्या. स्वतःच्या घरात मात्र त्याची हद्द त्याच्या बायकोने, लीलाने, आखून दिलेली होती आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. लीला मूळची कोल्हापूरची. इतकी वर्षं मालवणात काढूनही ती मालवणी बोलायची नाही. समजायचं मात्र सगळं, आणि जे समजू नये असं काशिनाथला वाटे ते तर फारच लवकर. निवृत्तीनंतर त्याने मधमाश्या पाळल्या, त्या सोडून गेल्या. अळंबी लावली, ती उगवली, पण ती खायची की नाही यावर घरात एकमत झालं नाही. मग त्याच्या आयुष्यात पोवळी आली, अंगठीतली नव्हेत, समुद्राच्या तळाशी वाढणारी जिवंत.

त्याला कारण त्यांचा मुलगा निहार. पुण्याहून सुट्टीला आला असताना तो बापाला पर्यटकासारखा होडीत घालून खडकांपाशी घेऊन गेला. होडी शेजारच्या बाबलीची. किनाऱ्यावर जन्मलेला काशिनाथ होडीत पाय ठेवल्यापासून ओकत होता. शेवटी बाबलीने त्याच्या तोंडाला नळी लावली आणि मान धरून त्याचं डोकं पाण्यात घातलं. एका श्वासाइतका वेळ काशिनाथने खालचं पाहिलं. हिरवं, जांभळं, आणि वारा नसताना डोलणारं. वर आला तेव्हा तो ओकायचं विसरला होता.

"काका, उद्या परत चला," बाबली म्हणाला. "आता ओकूचास नाय."

"नको रे. माका तां घरात होया."

"घरात? हयसून एखादो दगड काढून दिलो असतो, पण फॉरेस्टवाले तुमका आणि माका एकाच गाडीत घालतले."

समुद्रातून पोवळी काढणं गुन्हा, हे काशिनाथलाही ठाऊक होतं. सरकारी नोकरी करून निवृत्त झालेला माणूस, त्याने मुंबईच्या दुकानातून कायद्यात बसणारी मऊ पोवळी मागवली, पावतीसकट. पावती त्याने काचेच्या पेटीवर चिकटवली, म्हणजे कोणी विचारायच्या आत उत्तर तयार.

पेटी ओटीवर ठेवली, कारण इन्व्हर्टरचा प्लग तिथेच होता आणि मालवणात वीज असते तेव्हा ती पाहुण्यासारखी असते. खरा घोळ झाला तो दिव्याने. एलईडीचा लांबट पत्रा खोक्यातून निघाला तेव्हा काशिनाथला वाटलं, लाईट म्हणजे लाईट, खटका दाबला की काम झालं. निहारने फोनवर त्याची शिकवणी घेतली.

"बाबा, या पोवळ्यांच्या अंगात शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न करतं आणि पोवळी त्यावर जगतात. उजेड कमी पडला तर उपाशी, जास्त झाला तर भाजतात. सुरुवातीला अगदी मंद ठेवायचा, निळा जास्त, पांढरा कमी. मग दर आठवड्याला थोडा वाढवायचा. आणि रात्री पूर्ण अंधार. घाई नको."

"मी कधी घाई केलंय?" काशिनाथ म्हणाला. भूमापन कार्यालयाच्या इतिहासात हे वाक्य कोणी खोटं ठरवू शकलं नसतं.

दिवा पाण्याच्या वर वीतभर टांगायला हवा होता. ओटीच्या वाशांना मजबूत कड्या दोनच होत्या आणि त्यांना लीलाचा झोपाळा होता. काशिनाथने झोपाळा काढला, साखळ्यांना दिवा अडकवला, वायर प्लगच्याही खाली लोंबती सोडून मग वर नेली, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी बोर्डात जायला नको. हे सगळं त्याने इतकं नीट केलं की झोपाळा कोणाचा होता हे त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

लीला दुपारी टेकायला आली आणि थांबली. साखळ्यांना लटकलेला दिवा तिने पाहिला.

"छान," ती म्हणाली. "पोवळी झोपाळ्यावर आणि मी पाटावर. अनंत चतुर्दशीपर्यंत बघते. तोवर ही जगली तर राहू देत. मेली तर पेटी बाहेर आणि माझा झोपाळा आत."

काशिनाथने मान हलवली. आजवर मुदतीत त्याने एकही काम पुरं केलं नव्हतं, पण ते सरकारचं होतं.

हे मात्र त्याने केलं. सकाळी दिवा निळसर उगवे, दुपारी जरा उजळे, संध्याकाळी पुन्हा निळा होऊन आपोआप मावळे. सगळं फोनवर ठरवून दिलेलं. गौरीगणपतीच्या खरेदीला लोक बाहेर पडू लागले तोवर पोवळ्यांनी रंग धरला होता. त्यातलं एक हिरवं, बशीएवढं, कडेने बोटं काढून डोलायचं. काशिनाथ त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसे. लीलाशी इतका वेळ तो लग्न ठरल्यावरही बोलत बसला नव्हता. शेजारी येत आणि पेटीत डोकावत.

"मासो खंय?"

"मासो नाय."

"मगे ह्यां काय? फुलकोबी?"

काशिनाथ समजावून सांगे. ऐकणारा मान डोलावे आणि जाताना विचारी, "पण मासो कधी आणतलास?"

गणपतीची जागा पेटीच्या शेजारच्याच भिंतीशी, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. पाण्याने भरलेली पेटी हलवणं शक्य नव्हतं आणि देव हलवणं तर बोलण्यातलंही नव्हतं. दोघांना शेजार करावा लागला. वर माटवीची लाकडी चौकट बांधली, तिला नारळ, सुपाऱ्या, रानातली कवंडाळं, काकड्या टांगल्या, आणि वैभववाडीहून मथुराअक्का आली.

मथुराअक्का काशिनाथची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अक्काने त्याला वाढवलं, शाळेत घातलं, नोकरीचा अर्ज लिहून घेतला आणि लीलालाही तिनेच पसंत केलं. लग्नाच्या आदल्या दिवशी काशिनाथला मुलीचं नाव विचारलं तर त्याने अक्काकडे पाहिलं होतं, असं सांगतात. अक्काला तो कधी 'नको' म्हणाल्याचं कोणाच्याच आठवणीत नाही. तिने शेवग्याची भाजी तिसऱ्यांदा वाढली तरी तो खाई.

गणपती बसले, आरत्या झाल्या, मोदक झाले. आणि पोवळ्यांनी तोंड फिरवलं. हिरव्याची बोटं आत गेली, जांभळी फिकी पडली, दोन तर पार पांढरी दिसू लागली. काशिनाथने पाणी तपासलं, मीठ तपासलं, उष्णता तपासली. उदबत्तीच्या धुरावर संशय घेतला आणि मग मुंबईच्या दुकानदारावर. त्याला जेवण जाईना. घरभर पाहुणे आणि यजमान पेटीला कान लावून बसलेला.

"काय झाला रे तुका?" चहा घेता घेता अक्काने विचारलं.

"पोवळी आजारी पडली."

"पडतली नाय तर काय. तुझी बत्तीच धड नाय." अक्काने बशी खाली ठेवली. "रात्री आपसूक विझता. गणपतीच्या उशाक काळोख! मी उठलंय आणि वरचा बटन दाबलंय, तेव्हा असो लख्ख उजेड पडलो. काल पण दाबलंय, परवा पण. सकाळी तू उठूच्या आधी परत दाबून ठेवतंय. माका वाटला, तुझ्या लक्षात इला असतला."

तिच्या बोलण्यात अपराधाचा लवलेश नव्हता. असायचं कारणही नव्हतं. घरात गणपती असेतो त्याच्या बाजूला अंधार होऊ द्यायचा नाही, ही त्या घराची रीत. वडील वादळात कंदील हातात धरून बसले होते. पोवळ्यांसाठी ओटीवरचे बाकीचे दिवेही काशिनाथ रात्री मालवत होता. रीत मोडत होता तो त्याचा दिवा, आणि अक्काने त्याला वळण लावलं होतं, पूर्ण पांढऱ्या उजेडात, रात्रभर.

"अक्का, त्यांका रात्र होयी," काशिनाथ म्हणाला.

"कोणाक?"

"पोवळ्यांका."

"देवाच्या शेजारी बसूक मिळाला, दोन रात्री जागली तर मरतली काय?"

मरतायत, हेच काशिनाथला सांगायचं होतं. ते ओठापर्यंत आलं आणि शेवग्याच्या भाजीसारखं खाली गेलं. लीला दारातून बघत होती. "बोला की," ती म्हणाली, आणि तो बोलत नाही हे पाहून आत गेली. झोपाळ्याची फळी तिने त्याच दिवशी पुसून ठेवली.

काशिनाथने मग आयुष्यभर जे केलं तेच केलं. दोन्ही पक्षांची सही होईल अशी हद्द काढली. दिवा साखळ्यांवरून उतरवला आणि गणपतीच्या वर माटवीला, काकडी आणि नारळाच्या मध्ये टांगला. पेटीवर काळी घोंगडी घातली, म्हणजे देवाला रात्रभर उजेड आणि पोवळ्यांना अंधार. निहारला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "अंधारात थोडे दिवस उपाशी राहतील, पण भाजण्यापेक्षा बरं. मात्र फार लांबवू नका." दिवा चालू केला तो नेमका निळ्यावर, कारण अंगठ्याला सवय त्याच बटनाची होती.

गणपती निळे झाले. मोदकही निळे दिसू लागले.

संध्याकाळी भजनाला मंडळी आली आणि दारातच थांबली. बाबलीने ढोलकी खाली ठेवली.

"काका, देव शेवटी दर्यातच जातलो मगे. त्याका आतापासून सवय लावतास काय?"

सगळे हसले आणि चोरून अक्काकडे पाहू लागले. अक्का मूर्तीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रंग बरो दिसता. देव थंड वाटता." झालं. वाडीतून लोक निळा गणपती बघायला आले. घोंगडीखाली काय आहे हे एकानेही विचारलं नाही.

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी अक्काने पिशवी भरायला घेतली आणि म्हणाली, "काशी, ती निळी बत्ती काढून दी. माझ्या देवघरात लावतंय."

काशिनाथ सकाळपासून माटवी उतरवत होता. दिवा त्याच्या हातातच होता. वैभववाडीला विजेचा दाब कमी असतो, दुरुस्तीची हमी फक्त ज्याच्या नावाची पावती त्यालाच असते, या दिव्याने साध्या डोळ्यांना त्रास होतो, अशी एकाहून एक कारणं त्याच्या मनात रांगेत उभी राहिली. तोंडातून त्यातलं एकही आलं नाही.

"नाय," तो म्हणाला.

स्वयंपाकघरातला लीलाच्या पळीचा आवाज थांबला.

"काय म्हणालंस?"

"मी दिवचंय नाय, अक्का. ही बत्ती पोवळ्यांची आसा. आता नाय लावली तर ती मरतली."

अक्काने त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवीतली खोबऱ्याची पुडी एका बाजूला सारून लुगडं नीट बसवलं. "बरां," ती म्हणाली. "मगे बाजारातसून माका एक साधी माळ आणून दी. निळीच आण."

एवढंच. छप्पर पडलं नाही, बहीण रडली नाही. काशिनाथ उरलेल्या कारणांसकट तसाच उभा राहिला. मग त्याने बाजारात जाऊन दोन माळा आणल्या, तिसरी दुकानदारानेच 'दोन पुरे' म्हटलं म्हणून आणली नाही.

अक्का गेल्यावर त्याने घोंगडी काढली, दिवा पुन्हा वर चढवला आणि पहिल्या दिवशी होता त्याहून मंद ठेवला. दोन पांढरी विरघळून गेली होती. हिरवं मिटून, आक्रसून बसलेलं. लीला रोज येता-जाता थांबे आणि काही न बोलता पुढे जाई. न बोलणाऱ्या लीलाला काशिनाथ अधिक भीत असे.

अनंत चतुर्दशीच्या सुमारास एका दुपारी त्या हिरव्याच्या कडेने बारीक बोटं बाहेर आली. आधी एका बाजूने, मग सगळीकडून. काशिनाथने हाक मारली नाही. लीलाच पदराला हात पुसत आली आणि काचेशी वाकली.

"हे आहे जिवंत," ती म्हणाली.

"आसा."

"मग राहू दे." ती सरळ झाली. "पण यांच्या शेजारी देव पुन्हा नको. पुढच्या वर्षी गणपती माजघरात बसवायचा. पिढ्यान्‌पिढ्यांची जागा बदलतोय, हे अक्कांना तुम्ही सांगायचं. आता तुम्हाला येतं सांगता."

काशिनाथने फोन काढला, दिव्याचा उजेड एका टक्क्याने वाढवला आणि त्या आकड्याकडे फार मन लावून बघत बसला.